कळसूबाईच्या पायथ्याचं एक घर, सात माणसं आणि तीनशे मजले

पाचपैकी चार तारे. पाचवा कुठे गेला ते रात्री दीड वाजताच्या हकिकतीत येईलच.

आधी घराबद्दल. बारी गाव, तालुका अकोले. कळसूबाईला जाणारी बहुतेक माणसं याच गावातून वर चढतात आणि गावातली बरीच घरं चहा-नाश्ता, जेवण, मुक्काम असं सगळं देतात. आम्ही उतरलो ते त्यातलंच एक. नाव आणि नंबर मी इथे देत नाही, कारण मावशींनीच बजावलं, "मोबाइलवर नको टाकू गं ताई, फोन उचलता उचलता भाकरी करपते." तेव्हा हे घर नाही सापडलं तरी दुसऱ्या घरी काय विचारायचं एवढं कळावं, अशा बेताने लिहिते.

आम्ही डोंबिवलीची दोन कुटुंबं. माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, तिचा नवरा (वयाने माझ्याहून लहान, तरी मी भावजीच म्हणते), त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा, आणि आम्ही चौघं. आमची थोरली तेराची, धाकटा आठचा. प्रकरण सुरू झालं दिवाळीच्या फराळाला. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर आपण अजून पाहिलेलं नाही, असं कुणीतरी म्हणालं. कुणीतरी म्हणजे मीच. भावजी रोज जिमला जातात. त्यांनी चकली मोडत विचारलं, "झेपेल का तुम्हाला?" तेवढं पुरलं.

शिखर 1646 मीटर उंच. बारीतून त्यातले साधारण नऊशे मीटर पायी चढायचे. माझ्या नवऱ्याने तिथेच पेपर नॅपकिनवर गणित मांडलं, की एक मजला तीन मीटरचा धरला तर हे झाले तीनशे मजले. आमची बिल्डिंग सात मजल्यांची, म्हणजे त्रेचाळीस वेळा खालून वर. ठरलं असं, की नोव्हेंबरभर दोन्ही घरांनी आपापल्या जिन्यात फेऱ्या मारायच्या, रात्री ग्रुपवर आकडा टाकायचा आणि ज्या मोठ्या माणसाची बेरीज सगळ्यात कमी भरेल त्याने डोंगरावर सगळ्यांचं पाणी वाहायचं. पहिल्या रात्री आमचे वॉचमनकाका दोनदा वर येऊन सांगून गेले, "मॅडम, लिफ्ट चालू आहे." धाकटा फेऱ्या मोजायला चिंचोके वापरायचा, एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकत. त्याच्या धुवायच्या कपड्यांतून अजून चिंचोके निघतात. गणित मांडलं नवऱ्याने आणि पाणी आलं त्याच्याच पाठीवर, आठ लिटर.

आता खरा बेत. मला सूर्योदय हवा होता. सगळेच कळसूबाईला सूर्योदयासाठी जातात, रात्री चढतात, वर फोटो काढतात. एका पॅकेजवाल्याला फोन केला. माणशी 1100, त्यात मेडल आणि सर्टिफिकेट. "लहान मुलं आहेत, चालेल का?" तर म्हणे, "मुलं पळतात हो मॅडम." परतीची वेळ विचारली तर ती मात्र मिनिटासकट ठरलेली. मी फोन ठेवला. मग ऑफिसातल्या एकीने मावशींचा नंबर दिला.

मावशींनी पहिला प्रश्न विचारला तो पैशांचा नव्हता. "लेकरं केवढी हायेत?" मी सांगितलं. "मग रातीचं येऊ नका. शनिवारी सकाळी या, दिवसा चढा, अंधार पडायच्या आत खाली या. राती जत्रा असते इथं." मी सूर्योदयाचं घोडं पुढे दामटलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "सूर्य संध्याकाळी पण दिसतो ताई."

थोरली या बदलावर भयंकर चिडली. तिच्या वर्गातल्या दोघींनी वरून सूर्योदयाचे रील टाकले होते. शुक्रवारी रात्रीपर्यंत ती माझ्याशी फक्त हो-नाही एवढंच बोलत होती.

शनिवारी पहाटे सात आसनांची गाडी भाड्याने घेऊन निघालो. समृद्धीने लवकर पोचलो असतो, पण मुलांना कसारा घाट आणि त्याआधीचा वडापाव हवा होता. घोटीला हायवे सोडला आणि साडेनऊच्या सुमारास बारीत. डिसेंबरचा दुसरा आठवडा, हवा अशी की बोलताना तोंडातून वाफ. चुलीपाशी बसून पोहे आणि चहा घेतला. मावशींनी प्रत्येकाच्या पायांकडे बघून घेतलं. मैत्रिणीचे कोरे करकरीत बूट त्यांना पटले नाहीत. "घरचे जुने नाही आणले का?" नव्हते आणले. उतरताना तिच्या दोन्ही अंगठ्यांनी त्याची किंमत मोजली.

बरोबर वाट दाखवायला मावशींची मुलगी आली. एकोणीस वर्षांची, राजूरला कॉलेजात जाते, पायात साध्या पट्ट्यांच्या सँडल, पाठीवर दप्तराची जुनी सॅक. गाइडचे 800 रुपये वेगळे. बारीतून वाट ठळक आहे, पायऱ्या आणि रेलिंगही बऱ्याच ठिकाणी आहेत, वाटाड्याशिवाय कुणी हरवत नाही. मग 800 कशाला, असं माझ्या नवऱ्याने मला कुजबुजत विचारलं होतं. संध्याकाळी त्यानेच तिला वर शंभर दिले.

कारण तिने पहिल्या दहा मिनिटांत आमची रांग उलटी केली. आम्ही शहाण्यासारखे भावजींना पुढे काढलं होतं आणि धाकटा मागे फरफटत होता. तिने त्याला सगळ्यात पुढे आणलं. "हा चालेल तसं चालायचं. याच्या पुढं कुणी जायचं नाही." भावजींचं तोंड बघण्यासारखं झालं. पण त्यानंतर धाकट्याने एकदाही "किती राहिलं" विचारलं नाही, कारण विचारायचं कुणाला, पुढे तर तोच. दुसरा नियम बसण्याचा. उभ्या उभ्या दम खायचा, काठीवर रेलायचं, पण बूड टेकायचं फक्त ती सांगेल तिथे. "बसलं की पाय गार पडतात, मग उठताना रडू येतं." जिन्यातल्या तीनशे मजल्यांनी आम्हाला दम दिला होता हे खरं, पण जिन्याच्या पायऱ्या सगळ्या एका उंचीच्या असतात. इथे एक वीतभर, पुढची मांडीइतकी, त्यावर भुरभुरीत मुरूम.

गावाच्या वर देवीचं एक देऊळ आहे, ज्यांना शिखर झेपत नाही ते तिथेच नारळ फोडतात. तिथे बसायची परवानगी मिळाली आणि वर कळसूची गोष्टही. कळसू ही कोळ्यांची पोर, रानात हिंडणारी. डोंगरापलीकडच्या इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली, पण अट घालून, की मी भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. बरेच दिवस सुरळीत गेले. मग एक दिवस घरातल्या कुणीतरी तिला भांडी घासायला आणि केर काढायला लावलंच. तिने निमूट काम केलं आणि सरळ डोंगर चढून गेली, ती परत आलीच नाही. भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. मुलगी हे इतक्या सपाट आवाजात सांगत होती, जणू गेल्या वर्षी शेजारच्या घरात घडलंय. मैत्रीण आणि मी एकमेकींकडे बघितलं. थोरली, जी माझ्याशी बोलत नव्हती, तिने विचारलं, "मग त्या घरातल्यांनी सॉरी म्हटलं का?" "मंदिर बांधलं ना," मुलगी म्हणाली.

आता शिड्या. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांबद्दल इतकं ऐकलेलं असतं, की प्रत्यक्षात त्या जिन्यासारख्या रुंद आणि दोन्ही बाजूंना कठडा असलेल्या बघून पहिल्यांदा हायसं वाटतं. मग निम्म्यात गेल्यावर पायऱ्यांच्या मधून खालचं दिसायला लागतं. थोरली तिथेच थांबली. धाकटा वर पोचून ओरडत होता, आणि ही मधोमध, दोन्ही हातांनी कठडा धरून, बोटांची नखं पांढरी. मी खालून काही बोलणार तोच मावशींच्या मुलीने मला हाताने थोपवलं आणि ती थोरलीच्या बरोबर एक पायरी खाली जाऊन उभी राहिली, पाठीला आधार द्यावा तशी, पण हात न लावता. "वर किती पायऱ्या राहिल्या? मला इथून दिसत नाही, तू मोज." थोरलीने मान वर केली. ओठ हलले. "एकोणीस." "नीट मोजलं? परत मोज." परत मोजताना आकडा अठरा आला, कारण तोवर ती एक चढली होती. पुढच्या पायरीला सतरा. लोखंड इतक्या हातांनी गुळगुळीत झालंय की कठड्यावर आपला चेहरा पुसट दिसतो. वर पोचल्यावर थोरली दगडावर बसली आणि तिने माझ्याकडून पाण्याची बाटली मागितली. चोवीस तासांतलं माझ्याशी बोललेलं पहिलं पूर्ण वाक्य.

भावजींचं काय झालं ते लिहायला त्यांनी परवानगी दिली आहे. सकाळी बिनदुधाची कॉफी आणि एक प्रोटीन बार खाऊन निघालेला माणूस, थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणीही बेताचंच प्यायलेला. माथ्याच्या आधी विहीर आहे, तिथे पोचेस्तोवर उजव्या पोटरीत असा गोळा आला की बसले ते उठेनात. घाम हिवाळ्यातही येतो, फक्त वाऱ्याने लगेच सुकतो म्हणून कळत नाही. मुलीने टपरीवरून लिंबू सरबत आणलं, त्यात दोनदा मीठ घालून. पोटरी तिने चोळली नाही. पायाचा पंजा धरून नडगीकडे हळूहळू ढकलला आणि तसाच धरून ठेवला. पंधरा मिनिटांत गडी उभा. तेवढ्या वेळात एका माकडाने आमची बिस्किटं नेली. माकडांमुळे खाणं हातात ठेवू नका, सॅकमध्येच ठेवा आणि चेन लावा.

दहा चाळीसला निघालेलो, दोन पन्नासला माथ्यावर. चार तास दहा मिनिटं. चांगले पाय असलेली माणसं याच्या निम्म्या वेळात जातात.

माथ्यावर देवीचं एवढंसं देऊळ, आत तीन-चार माणसं मावतील इतकंच. आम्ही सात, ती मुलगी, नाशिकची दोन कॉलेजची पोरं आणि एक कुत्रा. बस्स. शनिवारी दुपारी महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच जागी अकरा जीव. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले ओळीने उभे, खाली भंडारदऱ्याचं पाणी पसरलेलं, त्याच्यामागे रतनगड आणि त्याचा खुटा नावाचा सुळका, आणखी मागे धुरकट हरिश्चंद्रगड. मावशींची शिदोरी सोडली. नागलीची भाकरी, लसणाचा ठेचा, उकडलेले बटाटे, मिठाची पुडी. नवऱ्याने आठपैकी उरलेलं पाणी गंभीरपणे वाटलं आणि सॅक हलकी झाल्याचं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. इथे एक तक्रार लिहूनच टाकते. शिदोरी प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधली होती. आम्ही पिशव्या खाली आणल्या, पण माथ्याच्या कडेला उतारावर नजर टाकली की बाकीचे काय करतात ते दिसतं. मावशींना सांगितलं, पुढच्या वेळी आम्ही आमचे डबे देऊ.

उतरणं जास्त अवघड. चढताना धाप लागते ती थांबलं की जाते. उतरताना मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचं वजन पेलतात, त्यामुळे दुखणं तेव्हा कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. शिड्या तोंड शिडीकडे करून उतरलो. थोरलीने या वेळी उतरताना मोठ्याने मोजलं, सगळ्यांसाठी. पश्चिमेला सूर्य बुडाला तेव्हा आम्ही अर्ध्याहून खाली होतो, आणि आकाश असं काही झालं की सात जणांत कुणीही मोबाइल काढला नाही. निदान मी तरी नाही. शेवटचा अर्धा तास टॉर्च लावून. सव्वासातला मावशींच्या अंगणात.

जेवणाला दहापैकी दहा. नुसतं "चुलीवरचं जेवण" असं लिहिलं की आजकाल काहीच कळत नाही, म्हणून तपशील देते. वालाची आमटी, जाडसर, वर तेलाचा तवंग नाही, वाटणात भाजलेलं सुकं खोबरं. नागलीची भाकरी तव्यावरून थेट निखाऱ्याला उभी, फुगली की ताटात. हातसडीचा इंद्रायणी भात, गिचका आणि वासाचा. कांदा बुक्कीने फोडलेला. धाकट्याने, जो घरी पोळीच्या कडा काढून ठेवतो, अडीच भाकऱ्या खाल्ल्या. वालाचं बी घरचंच आहे म्हणाल्या. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, पद्मश्री मिळालेल्या बीजमाता, त्यांचं नाव मी काढलं, तर मावशी म्हणाल्या, "त्यांच्यावानी नाही गं, आपलं आपल्यापुरतं राखेत घोळून ठेवते." जेवण झाल्यावर मैत्रीण सवयीने ताट उचलून मोरीकडे निघाली. मावशींच्या मुलीने ताट काढून घेतलं. "ताई, इथं भांडी घासायला लावत नाही कुणाला. बाई डोंगरावर जाते." सगळं घर हसलं.

आता पाचवा तारा. झोपायला दोन जागा आहेत. एक जुनी खोली, कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली. दुसरी नवी, सिमेंटच्या ठोकळ्यांची, वर पत्रा. आम्हाला "चांगली" म्हणून नवी दिली. पत्र्याखाली डिसेंबरची रात्र म्हणजे फ्रीजमध्ये झोपणं. गोधड्या माणशी एकच, धुराच्या वासाच्या, तो वास मला आवडला, पण ऊब एकीने भागत नाही. आणि रात्री दीड वाजता अंगणात दोन बस आल्या. चाळीसेक माणसं, शिट्ट्या, घोषणा, चहाच्या ऑर्डरी, आणि त्यांचा लीडर भोंग्यावरून प्रत्येकाचा हेडटॉर्च तपासतोय. तासभर. मावशी झोपलेल्या तरी कधी होत्या कोण जाणे, पोह्यांची परात तयार होती. त्यांचा धंदा त्याच गर्दीवर चालतो, दिवसा चढणाऱ्या आमच्यासारख्या चार टाळक्यांवर नाही, हे मला समजतं. पण मुक्कामाचे पैसे घेताना "रात्री गडबड असते, कापूस आणा" एवढं सांगायला हवं होतं. मी सकाळी तसं म्हटलं. त्यांनी लगेच कबूल केलं, सबब सांगितली नाही. टॉयलेट घरामागे, एकच, स्वच्छ. पण त्या चाळीस जणांनंतर सकाळी तसं राहिलं नव्हतं.

पहाटे सव्वाचारला थोरलीला तिकडेच जायचं होतं, मी टॉर्च धरून गेले. परत येताना ती अंगणात थांबली. काळ्या डोंगरावर दिव्यांची एक ओळ होती आणि ओळ एका ठिकाणी साकळून उभी होती. आम्ही दोन-तीन मिनिटं बघितलं, ओळ हलली नाही. "शिडी," ती म्हणाली. मग गोधडीत जाऊन झोपली. सूर्योदयाचा विषय त्यानंतर निघालेला नाही.

रविवारी सकाळी तांदळाची घावनं आणि चहा, मग भंडारदऱ्याला एक चक्कर. 1926 साली बांधून झालेलं धरण, दगडी भिंत अजून भक्कम. पण पायांच्या अवस्थेमुळे ते गाडीच्या काचेतूनच जास्त पाहिलं. भावजी गाडीतून उतरलेच नाहीत.

हिशोब असा. मोठ्यांचे 650, मुलांचे अर्धे, त्यात पोहे, शिदोरी, रात्रीचं जेवण, सकाळची न्याहारी, मुक्काम आणि हवा तितका चहा. सात जणांचे 3575, गाइडचे 800. नागलीचं पीठ आणि पाच किलो तांदूळ विकत घेतले ते वेगळे. गावात रेंज येते-जाते, रोख पैसे ठेवा.

दुसऱ्या कुठल्या घरी फोन केलात तर एवढं विचारा, की त्या रात्री बस येणार आहेत का, कुडाची खोली मिळेल का, माणशी गोधड्या किती, आणि वाट दाखवायला कोण येणार. मुलं बरोबर असतील आणि समोरच्याने त्यांची वयं विचारली नाहीत, तर दुसरं घर बघा. जमलं तर शनिवार-रविवार टाळाच. मावशींनी आम्हाला जूनच्या तोंडावर काजव्यांसाठी बोलावलंय, पण तेव्हाही तिथे गर्दी उसळते म्हणतात, म्हणून मधल्या वारी रजा काढायचं चाललंय. त्याआधी साल्हेरचा किल्ला, 1567 मीटर. जिन्यातल्या फेऱ्या परत सुरू झाल्या आहेत आणि या वेळी पाण्याची पैज मुलांनाही लागू आहे.

मंगळवारी, मांड्या सगळ्यात जास्त दुखत होत्या त्या रात्री, मी थोरलीला म्हटलं, जरा ताटं विसळून टाक. ती कठड्याला धरावं तसं टेबलाला धरून उठली. "मी कामाला राहिले तेव्हा काय ठरलं होतं आपलं?" म्हणाली, आणि लंगडत आपल्या खोलीकडे गेली.